दोन्ही हातांचा शब्द

परवा माझा नातू पुष्कर मोबाईल घेऊन समोर बसला नि म्हणाला, "आजी, फटाफट एक वर्ड सांग." मी मेथी निवडत होते. म्हटलं, कसला वर्ड? तर म्हणे मराठी मंडळात भाषा दिनाचा कार्यक्रम आहे, चिठ्ठ्या टाकल्यात, प्रत्येकाला एकेक विषय आलाय. याच्या चिठ्ठीत निघालं ते असं: कधीच हार न मानणाऱ्या वृत्तीला मराठीत कोणता शब्द, त्याचा अर्थ काय आणि तो आला कुठून. पाच मिनिटं बोलायचं.

"जिद्द घेऊ की चिकाटी? बताओ ना आजी, दोन्ही दाखवतंय यात."

"आधी ते बताओ सोड, मराठीच्या स्पर्धेला निघालास," मी म्हटलं. "आणि हार न मानण्याचा शब्द तुला फटाफट पाहिजे होय रे? लाज नाही वाटत?"

तो हसला. या पोरांना आपण रागावलो हेच कळत नाही, मग रागावून तरी काय उपयोग. मीच जरा नरम झाले. म्हटलं, एक शब्द आहे माझ्याकडे. इथलाच आहे, आपल्या इंदूरचा. कुठून आला तेही मला ठाऊक आहे. पण तुझ्या मोबाईलमध्ये तो लिहिता यायचा नाही, कारण त्याला अक्षरंच नाहीत. तो हातांनी बोलायचा असतो.

"मतलब साइन लँग्वेज?"

"तुझी लँग्वेज घाल चुलीत. ऐक."

त्याला सांगितलं तेच इथं सांगते. हे सांगणं वाल्मिक तायड्यांबद्दल आहे. कोण वाल्मिक तायडे, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. त्यांचं नाव कुठल्या चौकाला नाही की कुठल्या पाटीवर नाही. आजोबा महूच्या पलटणीत शिपाई होते. हे मात्र इंदूरला आले, एका कपडा मिलमध्ये लागले आणि साचेखात्यात विणकर झाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. माझे मालक, शामराव वडनेरे, शेजारच्याच साच्यावर. दोघंही परदेशीपुऱ्यात राहायचे, मधे दोन गल्ल्या. वाल्मिकभाऊ अंगानं बुटके, पायानं भराभर चालणारे, आणि कान एवढे मोठे की बघणाऱ्याचं आधी तिकडेच लक्ष जावं. त्या एवढ्या मोठ्या कानांना पस्तिशीतच ऐकू येईनासं झालं.

शामरावांचंही तेच, जरा कमी. साचेखात्यातला कोण बहिरा नव्हता? मी एकदा विसरलेला डबा द्यायला गेले होते. दारापर्यंतच गेले. आत शेकडो साचे एकदम चाललेले, खडाखड खडाखड, माझ्या छातीत धडधडायला लागलं. डबा चौकीदाराच्या हातात कोंबला नि पळाले. अशा जागी माणसं आठ-आठ तास उभी. तिथं तोंडानं बोलून कोणाला काय ऐकू येणार? म्हणून ही माणसं ओठांवरून बोलणं वाचायची आणि हातांनी बोलायची. दोन बोटं तोंडाशी म्हणजे बिडी. गळ्याशी गाठ मारल्यासारखं केलं म्हणजे टायवाला साहेब येतोय. घरी आली की मात्र हीच माणसं एवढ्या मोठ्यानं ओरडायची की शेजारच्यांना वाटावं भांडणच लागलंय. "मीठ दे!" हे सुद्धा असं म्हणायचे जसं काही घराला आग लागलीय.

आता तो शब्द. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवायचं, सुताचं टोक धरल्यासारखं. उजव्या हातानं त्याच्याभोवती एक पीळ द्यायचा नि ओढायचं. मग दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, साच्याच्या पलीकडून दिसतील असे. बस, एवढाच.

पुष्करनं करून बघितलं. एका हातात मोबाईल होता, म्हणून एकाच हातानं करायला गेला. म्हटलं, होणार नाही, ठेव तो खाली. ठेवला बिचाऱ्यानं.

हा शब्द आला कुठून, तर असा. साचा चालता चालता सूत तुटतं. विणकराला साच्यामागे वाकून ते सांधावं लागतं. तो वाकला की शेजारच्याला दिसेनासा होतो. आता तो सूत सांधायला वाकलाय की धोटा उसळून त्याला लागलाय, हे कळणार कसं? धोटा म्हणजे आडवं सूत नेणारी लाकडी होडीच, टोकाला लोखंड. उडाला तर डोळा घेऊन जायचा. म्हणून रीत अशी पडली की शेजारच्यानं हात वर करून ही खूण करायची. विचारायचं, तुटलंय का? सांधतोयस ना? आणि वाकलेल्यानं उठून तीच खूण परत करायची. तुटलंय, सांधतोय, चालू राहील. विचारणं आणि जवाब, दोन्हीला एकच खूण. आणि जवाब आला नाही, तर विचारणाऱ्यानं आपला साचा बंद करायचा नि त्याच्याकडे जायचं. कापडावर मजुरी होती, साचा बंद म्हणजे कमाई बंद. तरी बंद करायचाच. जवाब येईपर्यंत पुन्हा चालू करायचा नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण ते मोडलेलं कोणी बघितलं नव्हतं.

पुढं पुढं हा शब्द साचेखात्यातून बाहेर आला. माझा मुलगा आजारी पडला तेव्हा दवाखान्याच्या फाटकातून वाल्मिकभाऊंनी हीच खूण केली आणि शामरावांनी पायरीवरून तीच परत केली. वाल्मिकभाऊंची आई गेली, तेव्हाही तसंच. मला वाटायचं, हे मिलवाल्यांचं राम राम, जय भीम असेल काहीतरी. नाक खुपसायची सवय असूनही मी कधी विचारलं नाही. काय विचारायचं, दोघांच्या कानाशी ओरडत?

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला आवडत नाही. आमच्या घरी वाल्मिकभाऊंचा कप वेगळा होता. सासूबाईंनी ठेवला होता, खिडकीच्या बाहेरच्या फळीवर. सासूबाई गेल्या, तरी कप तिथंच राहिला. मी काढला नाही. मी नवीन काही केलं नाही, फक्त होतं ते चालू दिलं, असं मी स्वतःला समजावत असे. ते यायचे, चहा प्यायचे, कप स्वतः विसळून पालथा घालायचे. शामराव त्या वेळी कुठेतरी दुसरीकडे बघायचे.

एक्क्याण्णवच्या शेवटी मिल बंद झाली. दिल्लीत म्हणे नवी नीती आली, बाजार उघडला. बाजार उघडला आणि आमच्या गेटला कुलूप लागलं. सकाळचा भोंगा बंद झाला, तर कित्येक दिवस मला दूध उतू गेलेलं कळेना, कारण माझं सगळं घड्याळ त्या भोंग्यावर. शामराव आठ-नऊ महिने रोज गेटसमोर जाऊन बसले. आज उघडेल, उद्या उघडेल. मग एक दिवस गेलेच नाहीत. खाटेवर पडले. आधी दुपारचे, मग सकाळपासून. दाढी वाढली. अंघोळ नाही. ताट सरकवलं की दोन घास, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे. सहा वाजता पहिल्या पाळीला केस विंचरून निघणारा माणूस हो तो! मी रडले, ओरडले, देव पाण्यात ठेवायचे तेवढे राहिले. पण पाठ करून झोपलेल्या बहिऱ्या माणसावर ओरडून काय होतं?

वाल्मिकभाऊंचं बघा. त्यांनी केळ्यांचा ठेला लावला. गिऱ्हाईक मागून बोललं की यांना कळायचं नाही, गिऱ्हाईक पुढं निघून जायचं. चौकीदार झाले, साहेबानं गेटवर दहा मिनिटं हॉर्न वाजवला, हे आत निवांत. तिसऱ्या दिवशी घरी. सियागंजात पोती उचलली, कंबर धरली. चाळणीतून पाणी गळावं तशी कामं गळत होती, आणि हा माणूस पुन्हा नवं काम धरत होता. शेवटी सांवेर रोडला प्लास्टिकची पोती विणायच्या फॅक्टरीत लागले. तिथं मशीनचा आवाज एवढा की कोणाकडूनच ऐकण्याची अपेक्षा नव्हती. मंजुळा, त्यांची बायको, राजवाड्याजवळच्या एका दुकानासाठी परकर शिवायची. मुलगी यशोधरा नर्सिंगला होती. त्या पोत्यांवर ते घर उभं होतं.

कामाला जाताना ते रोज साडेसहाला आमच्या गल्लीतून सायकल काढायचे. खरं तर त्यांना लांब पडायचं. खिडकीशी पाय टेकवून थांबायचे नि खूण करायचे. शामराव खाटेवरून दोन्ही हात कसेबसे उचलायचे, जवाब द्यायचे. मग सायकल पुढं. दिवसभरात तेवढंच काय ते शामराव हलायचे.

एक सोमवार आला. थंडी होती, माझा उपास होता. खिडकीशी सायकल थांबली. वाल्मिकभाऊंनी खूण केली. शामरावांनी बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

वाल्मिकभाऊंनी सायकल स्टँडवर लावली आणि आमच्या पायरीवर येऊन बसले.

मी बाहेर आले. "भाऊ, ड्यूटी नाही का?"

"शामनं जवाब नाही दिला," ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले.

"डोळा लागला असेल."

"डोळे उघडे होते."

मला वाटलं बसतील दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत बसले. अधूनमधून उठून खिडकीशी जायचे, थांबायचे, परत येऊन बसायचे. आत यायला सांगितलं तर मान हलवायचे. मंगळवारी पुन्हा तेच. आता माझं पित्त खवळलं. आधीच एक माणूस घरात खाटेवर, त्यात दुसरा दारात पायरीवर, येणारे-जाणारे विचारतायत, भाभीजी, कोणी गेलं का? मी चुलीशी उभी राहून पुटपुटले, याला घरदार नाही का, इथं ठाण मांडून बसायला. आवाजसुद्धा काढला नव्हता. खिडकीतून ओरडणं आलं, "वहिनी, शिव्या जरा सावकाश द्या, अर्ध्या निसटल्या!" ओठ वाचतात हे मी रागात विसरलेच होते.

त्याच दुपारी फॅक्टरीतला एक माणूस सायकल मारत आला. "भिया, सुपरवाइजर ने बोला है, गुरुवार को आठ बजे नहीं आए तो नाम कट." वाल्मिकभाऊंनी मान डोलावली. तो गेला. मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, म्हटलं, "भाऊ, नोकरी जाईल! यशोधराचं काय होईल? यांना काय, हे उठतील तेव्हा उठतील."

"हां," ते म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.

बुधवारी दुपारी मंजुळा आली. तिला गल्लीच्या तोंडाशी बघितलं आणि मी पदर खोचला. म्हटलं, आली भांडायला. माझ्या नवऱ्याला कामावरून बसवलंत म्हणेल, आणि म्हणणारच, मी असते तर केव्हाच म्हटलं असतं. ती आली, नवऱ्याच्या शेजारी डबा ठेवला, आणि मला म्हणाली, "ताई, त्यांना इथून हाकलू नका. तेवढंच सांगायला आले."

मी म्हटलं, "अगं, नोकरी जाईल उद्या!"

"जाईल. माहीत आहे मला. रात्रभर तेच डोक्यात." तिचे डोळे सुजलेले होते. "पण त्यांनी साचा बंद केलाय. आता शामभाऊंचा जवाब आल्याशिवाय ते चालू नाही करणार. मी सांगून बघितलं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, मला कळायला पाहिजे होतं."

मग तिथंच, पायरीच्या बाजूला उभ्या उभ्या, तिनं मला ती रीत सांगितली. मघाशी तुम्हाला सांगितली ती. मला तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं, रीत होती, पण मिल बंद पडली ना! आता कसला साचा नि कसली रीत? शिवाय तिथं शेकडो माणसं होती, आमच्याच माणसासाठी एवढं का?

मंजुळानं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "शामभाऊंनी तुम्हाला धोट्याचं सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं.

धोट्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागायचं, आणि ते काढायचे तोंडानं ओढून. धोट्याला ओठ लावायचे नि श्वास आत घ्यायचा. साच्यावर पाळीपाळीनं माणसं बदलायची, पण धोटा तोच. मंजुळा म्हणाली, म्हणून आमच्या लोकांना साचेखात्यात कोणी येऊ देत नसे. आमची माणसं सूतखात्यात, बॉयलरवर, झाडूवर. साच्यावर नाही. वाल्मिकभाऊ सत्तर साली साच्यावर आले ते त्या ओळीतले पहिले. पहिल्याच दिवशी दुसऱ्या पाळीचा माणूस म्हणाला, याच्या तोंडचा धोटा मी लावणार नाही. मुकादम म्हणाला, मग काय करू? ओळीतले सगळे साचे सोडून बघत उभे राहिले. वाल्मिकभाऊ तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांनी तो धोटा हातात धरलेला, आणि खाली ठेवायला जागा सापडेना.

तेव्हा शेजारच्या साच्यावरून शाम वडनेरे आला. त्यानं तो धोटा त्यांच्या हातातून घेतला, सगळ्यांदेखत तोंडाला लावला, सूत ओढलं आणि साच्यात ठेवून दिला. एक शब्द बोलला नाही, तिथं ऐकू तरी कोणाला येणार होतं. आपल्या साच्याशी परत गेला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन ही खूण केली. वाल्मिकभाऊंनी जवाब दिला. त्या ओळीतल्या अर्ध्या लोकांनी पुढं सहा महिने शामरावांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

"आमच्या घरी ही गोष्ट दर वर्षी निघते," मंजुळा म्हणाली.

आमच्या घरी ती एकदाही निघाली नव्हती. आमच्या घरी कप होता. बावीस वर्षं तो माणूस दुसरीकडे का बघत होता, ते मला त्या पायरीवर कळलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चहा टाकते, घेशील ना?" मंजुळाची नजर त्या फळीवर गेली. "नको ताई, उपास आहे." बुधवारचा कसला उपास! आणि तिच्याकडे कुठले उपासतापास!

मी तडक आत गेले. शामराव भिंतीकडे तोंड करून पडलेले. पाठीला काय सांगणार? मी खाट धरली आणि ओढली. लोखंडी खाट, किंचाळली नुसती. भिंत आणि खाट यांच्यामध्ये हातभर जागा झाली, तिथं मी घुसले नि खाली बसले, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून. ओरडले नाही. मिलमध्ये बोलतात तसे नुसते ओठ हलवले.

"वाल्मिकभाऊंनी साचा बंद केलाय."

मग त्यांचेही ओठ हलले. "कधीपासून?"

"सोमवारपासून. पायरीवर बसलेत. उद्या नोकरी जाणार."

शामराव कोपरावर उठले. त्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. "सोमवारपासून बंद आहे, आणि तू मला आज सांगतेस?" महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही माझ्यावर ओरडण्यासाठी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

भिंत धरत धरत दारापर्यंत आले. वाल्मिकभाऊ पायरीवर पाठमोरे बसलेले, डबा तसाच. मागं कोण उभं आहे हे त्यांना कळायचा सवालच नव्हता. मी त्यांच्या खांद्याला हात लावायला निघाले, तर मंजुळानं माझं मनगट धरलं. घट्ट. म्हणजे शामरावांनाच जावं लागलं. तीन पायऱ्या. एक उतरले, थांबले. दुसरी उतरले. मग रस्त्यावर जाऊन वाल्मिकभाऊंच्या समोर उभे राहिले, वाढलेली दाढी, चुरगळलेला पायजमा. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवलं, उजव्यानं पीळ दिला. पहिल्यांदा निसटलं. पुन्हा केलं. आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

वाल्मिकभाऊंनी जवाब दिला. उठले, मागची धूळ झटकली, सायकल स्टँडवरून काढली. म्हणाले, "उद्या साडेसहा. आणि अंघोळ करून ये, वास मारतोय."

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शामराव हसले. मी आत जाऊन रडले.

गुरुवारी साडेसहाला शामराव कॅरिअरवर बसून गेले. वाल्मिकभाऊंचं नाव कटलं नाही, सुपरवायझरनं फक्त तोंडाचा पट्टा चालवला, तो त्यांना ऐकू आला नाही. शामरावांना काम लगेच मिळालं नाही, उगाच गोड करून सांगत नाही. महिनाभर ते फॅक्टरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर नुसते बसून राहायचे नि संध्याकाळी परत यायचे. मग एक जण काम सोडून गेला, त्याच्या जागी लागले. बारा वर्षं पोती विणली, रोज त्या प्लास्टिकला नावं ठेवली. याला काय सूत म्हणतात? तो कप मी फळीवरून काढून बाकीच्या कपांत ठेवला. सारखेच होते, दोन दिवसांत कोणता कोणता ते मलाही कळेना. मंजुळानं आमच्याकडे चहा घेतला तो दोन-तीन महिन्यांनी.

शामराव दोन हजार सातला गेले. छातीचं दुखणं होतं. शेवटपर्यंत खिडकीतून तो शब्द चालू होता.

त्यानंतर चारेक वर्षांनी वाल्मिकभाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, हात-पाय हलवत राहिले तर काठी घेऊन चालतील, नाहीतर असेच. पण त्यांनी मनच काढून घेतलं. व्यायाम करून घेणारा यायचा, हे डोळे मिटायचे. यशोधरा स्वतः नर्स, ती येऊन रागावून गेली, रडून गेली. मंजुळा मला म्हणाली, "ताई, सगळ्या जन्मात पहिल्यांदा बघतेय यांना असं."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी त्यांच्या घरी गेले. खिडकीशी उभी राहिले आणि खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा. नीट जमली की नाही कोण जाणे. त्यांनी बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

मग मी पायरीवर बसले. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतायत, मुलगा फोनवर ओरडतोय, आई, हे काय नाटक आहे, घरी कोण स्वयंपाक करणार? म्हटलं, साचा बंद आहे. बाहेरून मागवा. दिवसातून दहादा खिडकीशी जायचे, खूण करायचे, परत येऊन बसायचे. मंजुळा मला पायरीवर चहा आणून द्यायची. तिनं एकदाही म्हटलं नाही, ताई, आता घरी जा. एक दिवस गेला, चार गेले, सहा गेले. मनात यायचं, मी कोण? मी तर कपवाली. माझ्या हाकेला हा माणूस जवाब का देईल?

सातव्या सकाळी मी खिडकीशी नाही थांबले. आतच गेले, खाटेशी. खूण केली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उठला. अंगठा आणि बोट जुळलं, सुताचं टोक धरल्यासारखं. तिथंच थांबला. पीळ द्यायचा तो उजवा हात चादरीवर पडून होता, तो उठेना. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोठ्या कानांचा तो चेहरा रडवेला झाला.

मी माझा उजवा हात पुढं केला. त्यांच्या बोटांभोवती पीळ दिला नि ओढला. त्यांनी सोडलं नाही, चांगलं घट्ट धरलं होतं.

मग हात डोक्यावर न्यायचे असतात, पलीकडच्याला दिसावेत म्हणून. आम्ही दोघांनी मिळून ते वर नेले. मंजुळा दारात उभी होती. तिनं हातातला चहा खाली ठेवला, आणि दोन्ही हातांनी जवाब दिला.